कालचा पाव, यंदाचं तेल

रोममध्ये टेस्टाच्चो नावाची एक वस्ती आहे. टायबर नदीच्या काठची. एके काळी कत्तलखान्यात राबणाऱ्या कामगारांची, आता ज्याला भाडं परवडेल त्याची. तिच्या कडेला एक टेकडी आहे. सुमारे 35 मीटर उंच, पायथ्याचा घेर किलोमीटरभर. वर गवत आहे, झुडपं आहेत. लांबून बघणाऱ्याला शंका यायचं काही कारण नाही. जवळ गेलं की दिसतं, इथे दगडमाती जवळजवळ नाहीच. सगळी खापरं आहेत. इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत जहाजांनी आलेल्या तेलाच्या रांजणांची ही खापरं, थरावर थर रचून ठेवलेली. या ढिगात पाच कोटींच्या आसपास रांजण असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एकेका रांजणात साधारण 70 लिटर ऑलिव्हचं तेल मावे. तेल उपसलं की रांजण फोडूनच टाकावा लागे, कारण भाजक्या मातीत मुरलेलं तेल खवट व्हायचं आणि मग त्यात दुसरं काही भरायची सोय नसायची. वास मारायला ढिगावर चुना टाकत.

त्यातलं बहुतेक तेल इटलीचं नव्हतंच. दक्षिण स्पेनमधून यायचं, थोडं उत्तर आफ्रिकेतून. इटालियन नावाच्या बाटलीत स्पेनचं तेल निघालं म्हणून आज जे गळे काढतात, त्यांना या टेकडीला एक प्रदक्षिणा घालायला लावावी.

ब्रुस्केत्तावर लिहायला बसले आणि सुरुवात उकिरड्यापासून केली, त्याला कारण आहे. या शहराची तेलाची भूक किती जुनी आहे ते या ढिगावरून कळतं, आणि ब्रुस्केत्ता हा मुळात तेल खाण्याचा पदार्थ आहे. पाव हे त्याचं ताट.

हे मला आधी ठाऊक नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचं मुख्यालय रोमला आहे, तिथे माझी धाकटी बहीण नोकरीला आहे आणि घर तिने या टेस्टाच्चोतच घेतलं आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तिच्याकडे जाऊन राहणं हा माझा एकच खर्चीक नाद. तिच्याकडे ब्रुस्केत्ता म्हणून माझ्यापुढे आला तो नुसता भाजलेला पाव होता. बोटाएवढा जाड काप, कडा काळपटलेल्या, वर हिरवट तेल आणि मिठाचे खडे. पुण्यातल्या कॅफेत याच नावाने जे मिळतं त्यावर टोमॅटोचा डोंगर असतो, डोंगरावर किसलेलं चीज, आणि त्यावरून गोडसर काळ्या सॉसच्या नागमोडी रेघा. मी विचारलं, "टोमॅटो कुठे गेला?"

"ताई, नोव्हेंबर आहे," ती म्हणाली, आणि स्वतःचा काप उचलून खायला लागली.

तर पावापासून सुरू करू. मध्य इटलीत, म्हणजे लात्सियो, उंब्रिया, आब्रुत्सो या भागांत, घरचा पाव मोठा असायचा, किलो-दोन किलोचा, आणि तो रोज भाजला जात नसे. एकदा भट्टी पेटवली की आठवडाभराची बेगमी. रोमच्या दक्षिणेला टेकड्यांत जेन्झानो नावाचं गाव आहे. तिथला पाव अजून तसाच मोठा असतो, पाठीवर गव्हाचा कोंडा भुरभुरवलेला, कवच जाड आणि जवळजवळ काळं. त्याला 1997 मध्ये युरोपीय महासंघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. असा पाव पहिल्या दिवशी नुसताच खावा, दुसऱ्या दिवशी जेवणाबरोबर. ब्रुस्केत्ताची पाळी येते ती त्यानंतर.

ताज्या पावाचा ब्रुस्केत्ता होत नाही. आतला गर ओलसर असतो, विस्तवावर धरला की वरून करपतो आणि आत लगदाच राहतो. त्यावर लसूण घासायला जावं तर गर दबतो, तेल घातलं की गोळा होतो. कालचा पाव आपला आकार धरून राहतो. पाव शिळा होतो म्हणजे वाळतो अशी आपली समजूत, पण बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1852 मध्येच दाखवून दिलं होतं की पाणी अजिबात न गमावताही पाव शिळा होतो आणि गरम केला की पुन्हा मऊ पडतो. भट्टीत पिठातला स्टार्च पाणी पिऊन सैल झालेला असतो. पाव निवला की तो हळूहळू पुन्हा घट्ट घडी घालून बसतो, आणि उष्णता मिळाली की ती घडी उलगडते. घडी सगळ्यांत लवकर बसते ती फ्रीजमधल्या थंडाव्यात. पाव फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे त्याला मुद्दाम म्हातारं करणं. फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवावा, बस.

बहिणीकडे कोळशाची शेगडी नाही, तिच्या इमारतीत चालणारही नाही. खाचांचा बिडाचा तवा आहे. तो ती चांगला धुरावेपर्यंत तापवते आणि कोरडाच, तेलाचा थेंबही न लावता, त्यावर काप टाकते. दाबत नाही. दाबला की गरातली भोकं मिटतात, आणि तेल राहायचं असतं ते त्या भोकांत. पहिल्यांदा वास येतो तो कणीक भाजल्याचा, आपल्या ओळखीचा. मग तो बदलतो, थोडा कॉफीकडे झुकतो. त्याच क्षणाला उलटायचा. सुमारे 140 अंशांच्या पुढे पिठातली प्रथिनं आणि साखर एकमेकांत गुंतून तो तांबूस रंग आणि शेकडो वास तयार करतात. माय्यार नावाच्या संशोधकाने ही क्रिया 1912 मध्ये मांडली. खाचांवर काळे पट्टे उठतात, पट्ट्यांमधली जागा सोनेरी राहते, आणि कापाच्या पोटात बोट दाबलं तर अजून हलतं. टोस्टरमध्ये हे साधत नाही. टोस्टर पाव आरपार वाळवतो, सगळीकडे सारखा. रस्क खायचा असेल तर टोस्टर ठीक आहे.

मग लसूण. एकच पाकळी, अर्धी कापलेली, आणि काप हातात धरवत नाही इतका गरम असताना. भाजलेल्या गराची खरखर हीच किसणी. पाकळी दोनदा वरून खाली न्यायची. पहिल्यांदा खर्र असा आवाज येतो, दुसऱ्यांदा ओलसर, कारण पाकळीचं तोंड झिजून रस सुटलेला असतो. लसूण अख्खा असतो तोवर त्याला फारसा वास नसतो. पेशी फुटल्या की आत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात आणि तिखटपणा जन्मतो. म्हणजे हा तिखटपणा पावावरच तयार होतो, आणि तिथेच उतरायलाही लागतो. आपल्या बारक्या गावरान लसणाने हा प्रयोग करणाऱ्याने एकदाच घासावा. बहिणीच्या खालच्या मजल्यावर ज्या आजीबाई राहतात, ज्यांना आम्ही नुसतं सिन्योरा म्हणतो, त्या लसूण फक्त कापाच्या कवचाला घासतात, गराला नाही. गर हा तेलाचा, असं त्यांचं शास्त्र. मला ते पटतं, पण इतका संयम माझ्याकडे नाही.

टस्कनीत याच पदार्थाला फेत्तुन्ता म्हणतात, आणि तिथल्या पावात मीठच नसतं, त्यामुळे वरून मीठ हात सैल सोडून घालतात. उत्तरेला पिएमोंतेत द्राक्षतोडणीला आलेले मजूर लसूण घासलेला पाव द्राक्षांबरोबर खात. लसूण आणि द्राक्षं! ऐकायला विचित्र, पण उन्हात कष्ट केलेल्या माणसाला गोड, खारट, तिखट आणि पाणी एकाच घासात मिळतं. असो.

त्या नोव्हेंबरात बहीण मला साबिनाला घेऊन गेली. रोमच्या ईशान्येचा हा डोंगराळ भाग. तिथल्या तेलाला 1996 मध्ये युरोपीय मानांकन मिळालं. झाडांची नावं ऐकायला गोड: कार्बोन्चेल्ला, लेच्चिनो, राया. झाडाखाली जाळी पसरलेली होती, आणि लांब दांड्याला लावलेला एक थरथरता पंजा माणसं फांद्यांतून फिरवत होती. फळं टपटपत होती, काही हिरवी, काही जांभळट, काही अर्धी-अर्धी. पूर्ण काळी होईपर्यंत थांबलं तर तेल जास्त सुटतं, पण चव निवते. तेव्हा किती दिवस थांबायचं हा दरवर्षीचा हिशेब: थांबलं तर डबे जास्त, घाई केली तर तेल चांगलं. तिथल्या ज्या शेतकऱ्याशी बहीण बोलत होती त्याने खांदे उडवून सांगितलं की विकायचं असतं तर थांबलो असतो, घरी खायचं आहे.

घाण्यावर रांग होती. तोडलेली फळं क्रेटमध्ये पडून राहिली की आतल्या आत तापतात आणि आंबायला लागतात, म्हणून शक्यतो त्याच दिवशी गाळायची. पंख्याच्या झोताने पाला उडवतात, फळं धुतात, बीसकट दळतात. मग तो जांभळट-हिरवा लगदा एका लांब हौदात संथपणे घोळत राहतो, अर्धा-पाऊण तास, तापमान 27 अंशांच्या वर जाऊ न देता. घोळता घोळता तेलाचे बारीक थेंब एकमेकांना शोधत मोठे होतात. पुढे यंत्र ते गरगर फिरवून पाणी, चोथा आणि तेल वेगळं करतं. शंभर किलो फळांतून पंधरा किलोच्या आसपास तेल मिळालं तर माणूस खूश असतो. शेतकरी मात्र क्रेट ओतल्यापासून तेल येईपर्यंत आपल्या मालाजवळून हलत नाही. गिरणीत आपल्याच दळणावर डोळा ठेवून उभ्या राहणाऱ्या बायका मी आयुष्यभर पाहिल्या आहेत. शेजारणीचं पीठ आपल्या डब्यात येऊ नये आणि आपलं तिच्या डब्यात जाऊ नये ही जी दक्षता, अगदी तीच इथे.

शेवटच्या नळातून पडणारं तेल पिवळं नसतं. गढूळ, दाट आणि इतकं हिरवं, की कुणीतरी रंग टाकला असावा असं वाटतं. वास कापलेल्या गवताचा, कच्च्या बदामाचा. घाण्याच्या कोपऱ्यात एक चुलाणं पेटलेलं होतं, त्यावर जाळी, जाळीवर जाड पावाचे काप. रांगेतला जो तो आपलं तेल आलं की एक काप उचलायचा, नळाखाली धरायचा आणि उभ्या उभ्या खायचा. कुणी कुणाला वाढत नव्हतं. इथे ब्रुस्केत्ता ही डिश नाही, तपासणी आहे. वर्षभराच्या मेहनतीचं काय झालं ते पहिल्या घासात कळतं.

मी खाल्ला आणि मला ठसका लागला. सगळे हसले, ठसका लागणं ही पावती असते. नव्या तेलात जीभ कडवट होते आणि घशात, अगदी मागे, तिखट झोंबतं. अमेरिकेतल्या मोनेल या वासाचा आणि चवीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाने सिसिलीत असंच ताजं तेल चाखलं, आणि त्याला ती झोंब ओळखीची वाटली. कारण आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचं पातळ औषध घशात कसं झोंबतं यावर त्याने आधी काम केलं होतं. त्या मागाने जाऊन त्याने आणि सहकाऱ्यांनी तेलातलं जे द्रव्य शोधलं त्याला ओलिओकँथाल म्हणतात. 2005 मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं. त्याचं काम त्या औषधासारखंच चालतं असं त्यांना आढळलं. म्हणून तेल पिऊन गुडघे बरे होतील असं मात्र कुणी समजू नये, पावावर घालण्याइतक्या तेलात ते अगदी थोडं असतं.

ही झोंब टिकत नाही. दोन-तीन महिन्यांत गढूळपणा खाली बसतो, रंग सोनेरीकडे वळतो, कडवटपणा मावळतो. उन्हाळा येईपर्यंत तेच तेल शहाणं झालेलं असतं. वाईट नाही, नीट झाकून अंधारात ठेवलं तर वर्ष-दीड वर्ष उत्तम राहतं. पण घाण्यावरचं ते तेल राहिलेलं नसतं.

आणि टोमॅटो येतो तो उन्हाळ्यात.

बहिणीच्या त्या 'नोव्हेंबर आहे'चा अर्थ मला लागला तो पुढच्या ऑगस्टमध्ये. रोमचा ऑगस्ट म्हणजे ऊन नुसतं ओततं. अर्धं शहर समुद्राकडे पळालेलं, दुकानांची शटरं खाली. टेस्टाच्चोचा बाजार 2012 पासून नव्या इमारतीत आहे, पांढरा, स्वच्छ, काहीसा दवाखान्यासारखा, पण टोमॅटोच्या गाळ्यासमोर उभं राहिलं की इमारत विसरायला होतं. बैलाचं काळीज नावाचा एक टोमॅटो असतो, घड्या पडलेला, एकेक पाव किलोचा. हातात घेतला की जड लागतो आणि देठाजवळ पानांचा तिखट वास येतो. तो वास नसेल तर घेऊ नये. सॉससाठी प्रसिद्ध असलेला लांबट सान मार्झानो इथे कामाचा नाही, तो उकळून आटवायचा गडी आहे.

टोमॅटो या देशात तसा उशिरा आला. अमेरिका खंडातून स्पॅनिश लोकांनी आणलेलं हे फळ 1548 च्या ऑक्टोबरअखेर पिसा इथे कोसिमो दे मेदिचीच्या घरी टोपलीभर पोहोचल्याची नोंद आहे. पण लोक त्याच्याकडे बराच काळ संशयाने बघत. नेपल्समध्ये अंतोनियो लातिनी नावाच्या बड्या घरच्या कारभाऱ्याने टोमॅटोच्या सॉसची कृती छापली ती थेट 1690 च्या दशकात, आणि तीही स्पॅनिश पद्धतीची म्हणून. तोवर पाव, तेल आणि लसूण यांचं आपसांत छान चाललेलं होतं. टोमॅटो हा या घरात आलेला पाहुणा. इतका रुळला, की बाहेरच्यांना तोच मालक वाटायला लागला.

पाहुण्याचे नियम वेगळे. टोमॅटो फ्रीजमध्ये कधीच ठेवू नये. फ्लोरिडातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की आठवडाभर 5 अंशांवर ठेवलेल्या टोमॅटोत वास घडवणारे जनुकच गप्प होतात आणि बाहेर काढून दिवसभर ठेवला तरी तो वास पुरता परत येत नाही. गोडी-आंबटपणा राहतो, पण टोमॅटोपण जातं. घरी आणलेले टोमॅटो बहीण देठाकडची बाजू खाली करून ओट्यावर मांडते. करायच्या वेळी मोठ्या फोडी, वर मीठ, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. मिठाने पाणी सुटतं, फोडी आकसतात आणि चव दाटते. बियांचा गर लोक फेकून देतात. नको तिथे शहाणपण. टोमॅटोचा जो मांसल, रसदार स्वाद असतो, त्यातलं ग्लुटामेट बाहेरच्या गरापेक्षा बियांभोवतीच्या त्या बुळबुळीतच जास्त असतं. बहीण बिया चाळणीवर दाबते, खाली उतरलेला रस फोडींवर परत ओतते, आणि सुटलेलं खारट पाणी वाटी तोंडाला लावून पिऊन टाकते. हे पाणी मला कधीच मिळालेलं नाही.

तुळशीच्या जातीची ती पानं, बेसिल, शेवटी. फालुद्यात घालायचा सब्जा आपण वर्षानुवर्षं खातो ते याच झाडाचं बी. पानांचं मात्र आपण कधी काही केलं नाही. सुरीने कापली की कडा काळवंडतात, म्हणून हाताने तोडायची, आणि दोन-तीनच. सिन्योराबाईंच्या खिडकीतल्या कुंडीतून ती यायची. आम्ही वरून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायचो. व्हिनेगर नाही, साखर नाही, चीज नाही. त्या काळ्या रेघा तर नाहीतच. मोदेनाचं खरं पारंपरिक बाल्सामिक किमान बारा वर्षं लाकडी पिंपात मुरतं. ते थेंबाथेंबाने वापरतात, त्याने प्लेटवर रांगोळी काढत नाहीत.

आता हिशेब जुळवून बघा. टोमॅटो आणि बेसिल जुलै-ऑगस्टमधले. तेल गेल्या नोव्हेंबरातलं, म्हणजे नऊ महिन्यांचं. पाव कालचा. आणि नोव्हेंबरात तेल आजचं, पाव कालचा, टोमॅटोचा पत्ता नाही. पाककृतींच्या पुस्तकांत ज्या चित्राखाली 'सगळं ताजं घ्या' असं लिहिलेलं असतं, ते सगळं ताजं इटलीच्या पंचांगात एका दिवशी येतच नाही. सिसिलीच्या टोकाला पाकिनोमध्ये हरितगृहांतले छोटे टोमॅटो थंडीतही पिकतात आणि ते चांगलेही असतात, हे मान्य. पण ती सोय काही दशकांची. घरोघरची रीत त्याआधीची आहे: थंडीत ब्रुस्केत्ता तेलाचा, उन्हाळ्यात टोमॅटोचा, आणि दोघांना एकच नाव.

हे उमगल्यावर मला भलतीच कल्पना सुचली. आपल्याकडे चांगला टोमॅटो थंडीत मिळतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत कुंडीतलं बेसिलही तरारलेलं असतं. बहीण नाताळच्या सुट्टीत येते. तिने नोव्हेंबरातल्या तेलाचा डबा आणला तर जे रोममध्ये भेटत नाहीत ते दोघे माझ्या स्वयंपाकघरात भेटतील.

डबा आला, कपड्यांच्या घडीत गुंडाळून. पाव मी दोन दिवस आधी आणला होता. पुण्यात आता बऱ्यापैकी सावरडो मिळतो, आणि गोव्याहून कुणी येणार असेल तर तिथला उंडोही त्याच्या कडक कवचामुळे चालून जातो. टोमॅटोला मात्र फिरावं लागलं. हातगाडीवाला मला एकसारखे, घट्ट, चकचकीत दाखवत होता. "हे घ्या की मावशी, आठ दिवस हलायचे नाहीत." मला हलणारेच हवे होते. शेवटी त्याच्या गाडीखालच्या टोपलीत सापडले, गावठी, खाचांचे, एकदोन फुटायला आलेले. ते त्याने निम्म्या भावात दिले आणि वर कोथिंबीर टाकली, बहुधा दयेपोटी.

काप गॅसवर पापडाच्या जाळीवर भाजले. जाळी यासाठी बिडाच्या तव्याहून सरस निघाली. आच थेट लागते आणि कडांना धुराचा वास येतो, फक्त नजर हलवायची नाही. लसूण घासला. टोमॅटो मुरले होते, बेसिल तोडलं. वरून बहिणीने तेल सोडलं, हिरवं, गढूळ, कंजूषपणा न करता.

दोघांचं जमलं नाही. टोमॅटो आंबट बोलत होता आणि तेल कडवट, आणि कुणीच दुसऱ्याला वाक्य पुरं करू देत नव्हतं. नंतर मी एक काप नुसत्या तेलाचा केला, तो उत्तम लागला. उरलेल्या फोडी चमच्याने खाल्ल्या, त्याही उत्तम होत्या. ऑगस्टमधल्या तेलाला धार नसते म्हणून ते टोमॅटोला जागा देतं, हे मला पुण्यात बसून कळलं. रोममध्ये ते पंचांग आपोआप करून टाकतं. बहिणीला यातलं काही पटलं नाही. "तुझा टोमॅटो आंबट होता ताई, तेलाला कशाला बोल लावतेस?" असं म्हणून तिने माझ्या वाटणीचा कापही संपवला, आणि त्या वाटीतलं खारट पाणी याही वेळी तीच प्यायली.

डबा मी वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या पिंपामागे अंधारात ठेवला आहे. एप्रिलपर्यंत त्याची धार जाईल, मग बाजारात पुन्हा खाचांचे टोमॅटो शोधायचे, असा बेत आहे. तोवर ते तेल उरतच नाही असं बहिणीचं म्हणणं. परतीच्या आदल्या रात्री वरण-भातावरसुद्धा तेच ओतून तिने आपलं म्हणणं खरं करायला सुरुवात केली होती.